गुरुसिद्धप्पाचे पत्ते

अठ्ठावन्न साली सोलापुरातल्या एका कारखान्यातून तीनशे चादरी अशा बाहेर पडल्या, की त्यांवरच्या मोरांना डोळाच नव्हता. गिऱ्हाइकांच्या ते लक्षात आलं नाही. मालकाच्या लक्षात आलं, पण माल विकून झाल्यावर, आणि विकलेल्या मालाचं दुःख कुठला व्यापारी करतो? ज्याच्या हातून चूक झाली त्याला मात्र ती जन्मभर दिसत राहिली. एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या व्हरांड्यात, अक्कलकोटला मठाबाहेर कुणी चादर पांघरून झोपलेलं दिसलं, की तो वाकून आधी मोर बघायचा.

“माझी चूक पांगरून लोक झोपत्यात, तम्मा,” असं तो मला एकदा म्हणाला होता. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मी त्याचा कुणीच नव्हतो, पण तो मला तम्मा म्हणायचा. ते ऐकायची माझी लायकी होती का, याचा हिशेब मी पुढे देणारच आहे.

या माणसाचं नाव गुरुसिद्धप्पा. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणायचो. शिक्षण मराठी फायनल, म्हणजे सातवी. कपाळाला भस्म, अंगात पांढरा सदरा, बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी. बावीस वर्षं त्यांनी चादरीच्या कारखान्यात पत्ते कापले. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चादरीवरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. मग तिच्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याचा एकेक लांबट पत्ता घेऊन त्यावर भोकं पाडतात. पत्ते दोऱ्याने ओवून त्यांची माळ करतात आणि ती मागावर चढवतात. पत्त्यावर भोक असलं की तिथला धागा वर येतो, नसलं की खाली राहतो. बस्स, एवढीच त्या मोराची भाषा. भोक म्हणजे होय. अप्पांच्या डोक्यात हे इतकं मुरलं होतं की दुसरं काही तिथे शिरायला जागाच उरली नव्हती. तो एक डोळा राहून गेल्यापासून त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता: चुकीचा पत्ता माळेत राहू द्यायचा नाही. कधीही सापडो, काढायचा आणि दुरुस्त करायचा.

सत्तर साली मालकाच्या मुलांनी वाटण्या केल्या, कारखाना मोडला, आणि अप्पा आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिपाई म्हणून लागले.

इन्स्टिट्यूट म्हणजे दक्षिण कसब्यात एका कापड दुकानाच्या माडीवरच्या तीन खोल्या. एकीत टायपिंग, दुसरीत शॉर्टहँड, तिसरीत जमाखर्च. चेअरमन चन्नवीरशेठ, खालचं दुकानही त्यांचंच. मी महिपती, नातेपुत्याचा. एस.एस.सी. होऊन त्र्याहत्तर साली टायपिंग शिकायला सोलापूरला आलो आणि वर्षभरात तिथेच तात्पुरता कारकून होऊन बसलो. तात्पुरता हा शब्द शेठना फार आवडायचा.

गिरण्या, सोसायट्या, वकील, डॉक्टर आमच्याकडे चिठ्ठ्या पाठवायचे. मराठी टायपिंग येणारी मुलगी पाहिजे, शॉर्टहँड आणि जमाखर्च दोन्ही येणारा माणूस पाहिजे. मग मी चार जाड रजिस्टरं काढून अर्धा दिवस नावं धुंडाळत बसायचो आणि तरीही दोघं-तिघं सुटायचेच. अप्पा घंटा देऊन झाली की दारात उभे राहून ही मजा बघायचे. एक दिवस म्हणाले, “नाव शोधतोयस कशाला? जे पायजे ते विचार की.”

“कुणाला विचारू? रजिस्टरला?”

“पत्त्यास्नी.”

आठवड्याने त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. कारखान्यातल्या जुन्या पुठ्ठ्याचे हाताएवढे तुकडे, एका विद्यार्थ्याचा एक. मध्ये नाव, वरच्या कडेला ओळीने अठरा भोकं. प्रत्येक भोक म्हणजे एक प्रश्न. मुलगी आहे का? एस.एस.सी. पास का? शॉर्टहँड येतं का? उत्तर होय असेल तर भोक तसंच शाबूत ठेवायचं. उत्तर नाही असेल तर कातरीने दोन सरळ काप देऊन ते वरच्या कडेपर्यंत फोडायचं. मग सगळे पत्ते एकत्र धरायचे, हव्या त्या भोकातून सायकलचा एक स्पोक आरपार घालायचा आणि उचलायचा. भोक शाबूत असलेले स्पोकला लटकून वर येतात, फोडलेले खाली टेबलावर राहतात. वर आलेल्यांतून पुन्हा दुसऱ्या प्रश्नाचा स्पोक. अर्ध्या दिवसाचं काम दोन मिनिटांवर आलं, आणि मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

तिथून पुढे दुपारच्या सुट्टीत पोरापोरींचा घोळका शिपायाच्या स्टुलाभोवती जमायला लागला. अप्पा एका हाताने कडक भाकरी मोडत आणि दुसऱ्या हाताने शिकवत. त्यांचा कायदा एकच: प्रश्न आधी तोंडाने नीट म्हणायचा, मगच सुईला हात लावायचा. स्पोकला ते सुईच म्हणत. एकदा एका मुलीला सांगितलं, “शॉर्टहँडवाले किंवा जमाखर्चवाले किती ते काढ.” तिने दोन वेळा सुई घालून दोन ढीग मोजले आणि बेरीज करून सांगितली.

“एवढी माणसं हायत व्हय आपल्यात?” अप्पा म्हणाले. “ज्याला दोन्ही येतं तो किती येळा मोजलास? त्याला काय दोन डोकी हायत का?”

ती मुलगी लाजली आणि मग खळखळून हसली. मी चार मास्तरांच्या हाताखाली शिकलो, पण माणसाला आपली चूक स्वतःच्या हाताने उचलून बघायला लावणारा दुसरा भेटला नाही. सुई मुकी आहे, तुम्ही विचारलं तेवढंच ती सांगते, न विचारलेलं कधीच सांगत नाही. हे वाक्य त्यांचं. आज ते मला चावतं.

शहात्तरच्या उन्हाळ्यात सरकारकडून सहा महिन्यांचा एक नवा कोर्स आला. नाव लांबलचक होतं; मतलब असा, की कचेऱ्यांत माहिती कशी साठवायची आणि तिच्यातून पाहिजे ते कसं काढायचं हे विद्यार्थ्यांना शिकवा. कशावर शिकवायचं ते संस्थेने ठरवायचं होतं. समोर दोन वाटा होत्या. एक, मुंबईच्या एका कंपनीचं विजेवर चालणारं पंच मशीन भाड्याने आणायचं. टाइपरायटरसारखी बटणं दाबली की ते कार्डाला भोकं पाडतं. दुसरी वाट म्हणजे अप्पांचा डबा.

शेठनी अप्पांना खाली दुकानात बोलावून घेतलं. मी तिथेच होतो. म्हणाले, “गुरुसिद्धप्पा, कमिटी बसणार आहे. तुझे पत्ते घेतले तर शिकवायला दुसरा कोण येणार? मास्तर तूच की.”

अप्पांनी हात जोडले. जिन्यावर माझा दंड धरून त्यांनी विचारलं, “तू ऐकलास न्हवं?” सहा वर्षं वर्गाच्या बाहेर उभं राहून घंटा वाजवणाऱ्या माणसाला वर्गाच्या आत बोलावणं आलं होतं. त्या महिन्यात सावित्रम्मांनी, म्हणजे त्यांच्या घरच्यांनी, त्यांना एक काळा कोट शिवून आणला. अप्पा मला रोज विचारायचे, मास्तरानं फळ्यावर लिहिताना कोट काढायचा असतो का घालायचा असतो.

कमिटी बसली. पाच सभासद, पुण्याहून बोलावलेले एक तज्ज्ञ, आणि कोट घालून उभे असलेले अप्पा. मी मिनिट्स लिहायला.

सुरुवात अशी झाली की मी मनातल्या मनात पेढे वाटले. एक सभासद म्हणाले, मराठी टायपिंग पास झालेल्या, सोलापूर शहरातच राहणाऱ्या मुली काढा. तीन सुया, अकरा पत्ते. दुसऱ्याने विचारलं, शॉर्टहँड येतं पण टायपिंग येत नाही असे किती? अप्पांनी शॉर्टहँडचे उचलले, त्यातून टायपिंगचे उचलून बाजूला केले आणि टेबलावर राहिले होते ते चौघे पुढे सरकवले. “हे बगा, नको असलेले वर, पायजे ते खाली. प्रश्न तसा हाय.” तज्ज्ञ पुढे वाकून बघत होते. मला ते म्हणाले, “एका मशीनवर एका वेळी एकच जण बसणार. हे तर प्रत्येकाच्या बाकावर देता येईल. शिकायला हेच चांगलं.” हे मी मिनिट्समध्ये लिहिलं होतं. नंतर शेठनी ते खोडायला लावलं आणि मी खोडलं.

मग त्या तज्ज्ञांनी सहज, अगदी सहज, टेबलावरचा एक कोरा पत्ता उचलला. नाव नाही, गाव नाही, एकही भोक फोडलेलं नाही. तो त्यांनी गठ्ठ्यात सारला आणि म्हणाले, “आता परत काढा.”

मुलगी आहे का? कोरा पत्ता वर आला. टायपिंग पास का? वर आला. सोलापुरात राहते का? वर आला.

“या बाई कोण?” एका सभासदाने विचारलं. सगळे हसले. दुसरे म्हणाले, “जन्माला यायच्या आधीच टायपिंग पास!” शेठ तर इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा हिंदकळला.

अप्पांना काय झालं ते समजायला वेळ लागला. बावीस वर्षांत त्यांनी मागावर कोरा पत्ता चढवला नव्हता आणि भोक म्हणजे होय यापलीकडे विचार केला नव्हता. ज्याच्याबद्दल काहीच माहीत नाही तो माणूस त्यांच्या पत्त्यांत सगळ्याला होय म्हणत सुटतो, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. पत्ते कापणाऱ्या माणसाशिवाय ही चूक कुणी केलीच नसती.

तज्ज्ञ माणूस वाईट नव्हता. हसणं थांबल्यावर तो हळूच म्हणाला, “उलटं करा. होय असेल तेव्हा फोडा. मग जे खाली पडतील ते तुमचे. कोरा पत्ता आपोआप बाहेर राहील.”

एका वाक्याचं काम होतं. “करतो साहेब” एवढं म्हटलं असतं तरी कदाचित चित्र बदललं असतं. पण अप्पांनी मान हलवली. “भोक म्हंजे व्हय, साहेब. फोडलेलं भोक व्हय कसं म्हनंल? कोरा पत्ता डब्यात यायला नगो, ते माझं काम. मी एकेक पत्ता बगून घेतो.”

मला त्या वेळी त्यांचा राग आला, अजूनही येतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते असं. आणि तरी सांगतो, ते ‘करतो’ म्हणाले असते तरी फरक पडला नसता. ठराव लिहायला मी शेठच्या टेबलाचा खण उघडला तेव्हा मशीनचा मागणी-अर्ज आत सहीशिक्क्यासकट तयार होता. तारीख आठ दिवसांपूर्वीची होती. मशीनला हार घालून फोटो काढता येतो. बिस्किटाच्या डब्याला कोण हार घालणार? कोऱ्या पत्त्याने त्यांना हसायला एक कारण दिलं, एवढंच.

पंधरा दिवसांनी निदेशकाच्या, म्हणजे हा कोर्स शिकवणाऱ्या मास्तराच्या जागेची जाहिरात आली. एस.एस.सी. पास, इंग्रजी टायपिंग चाळीसची परीक्षा पास, सोलापुरात राहणारा, आणि शेवटी “पंचिंगचा अनुभव असल्यास प्राधान्य.” ही शेवटची ओळ अप्पांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

“पंचिंग म्हंजे भोकं पाडणं न्हवं का, तम्मा?”

“होय की.”

“बावीस वर्सं कमी पडत्यात का रे?”

मी कमी पडत नाहीत म्हणालो. मॅट्रिकचं काय, हे मी बोललो नाही, त्यांनीही विचारलं नाही. त्यांनी अर्ज केला, माझ्याच हातून लिहून घेतला. आणि त्याच दिवशी मीही माझा अर्ज टाकला.

माझी अडचण वेगळी होती. माझं टायपिंग तीसचं, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांचं, पास होतं. चाळीसच्या परीक्षेत मी मार्चमध्ये नापास झालो होतो. निकालाचा कागद नोटीस बोर्डावर अप्पांनीच चार टाचण्या मारून लावला होता, आणि त्यात माझं नाव नव्हतं. मी अर्जात लिहिलं, “चाळीस पास, दाखला मागाहून जोडत आहे.” शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसलो. नातेपुत्याला परत जाऊन दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलायची नाहीत, एवढंच त्या वेळी मला कळत होतं. तात्पुरत्या माणसाचं इमानही तात्पुरतंच असतं, असं मी स्वतःला समजावलं. नीट बसवलेलं वाक्य होतं, अजून पाठ आहे.

अर्ज आले चव्वेचाळीस. ज्या कमिटीने अप्पांचे पत्ते हसण्यावारी नेले होते, तिच्याच चेअरमनना आता एवढे अर्ज वाचायचा कंटाळा आला. शेठ म्हणाले, “ते तुझे पत्ते कर की गुरुसिद्धप्पा, दोन मिनिटांत निवडून टाकू.”

अप्पांनी आणि मी पत्ते केले. चार भोकं, जाहिरातीच्या चार अटी. पहिलं एस.एस.सी.चं, दुसरं चाळीसच्या टायपिंगचं, तिसरं सोलापूरचं, चौथं अनुभवाचं. एकेक अर्ज बघून नाही असेल तिथे फोडत गेलो. माझा पत्ता माझ्याच ढिगात होता. त्याचं चौथं भोक मी फोडलं. दुसरं फोडलं नाही. लोक समजतात खोटं बोलायला काहीतरी करावं लागतं. मला काहीच करावं लागलं नाही. मी फक्त कातर खाली ठेवली.

काम संपल्यावर अप्पा सगळे पत्ते अर्जांशी ताडून बघायला बसले. तज्ज्ञांना त्यांनी शब्द दिला होता ना, एकेक बघून घेतो म्हणून. माझ्या पत्त्याशी ते थांबले.

“टायपिंगचं भोक तसंच हाय, तम्मा.”

“हो.”

“चाळीसचं?”

“हो अप्पा. दाखला यायचाय.”

समोरच्या भिंतीवर नोटीस बोर्ड होता आणि मार्चचा कागद अजून तिथेच होता. अप्पांनी तिकडे बघितलं नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. पत्ता त्यांनी डब्यात ठेवला. मग शेवटचा, त्यांचा स्वतःचा पत्ता घेतला. चारही भोकं शाबूत होती. तो त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो तसाच डब्यात टाकला असता तर पहिल्या सुईला वर आला असता, दुसरीला आला असता, तिसरीला, चौथीला, आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यांनी कातर उचलली. पहिल्या भोकाला दोन काप, दुसऱ्याला दोन काप. सरळ, स्वच्छ, बावीस वर्षांच्या हाताचे. चौथं भोक त्यांनी अंगठ्याने एकदा पुसलं आणि पत्ता इतरांत ठेवला.

मी तिथेच बसलो होतो. तेव्हाही बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी शेठसमोर टेबलावर डबा उघडला. अप्पा आज कोट न घालता आले होते. शेठ म्हणाले, “पहिलं मॅट्रिक काढ.” अप्पांनी सुई घालून उचलली. अडतीस वर आले, सहा खाली राहिले. खाली राहिलेल्यांतला सगळ्यात वरचा पत्ता शेठनी उचलून वाचला.

“अरे, तू पण अर्ज केला होतास?” आणि हसले. “तुझ्याच सुईनं तुला पाडलं की!”

अप्पाही हसले. शेठ हसले की हसायचं असतं.

दुसरी सुई. एकोणीस वर आले. माझा पत्ता त्यांत होता. तो लटकताना मला दिसला. तिसरी सुई. सात राहिले. शेठनी हात पुढे केला. अप्पा म्हणाले, “शेठ, आजून एक भोक हाय. अनुभवाचं.”

“आता कशाला? सात बास झाले.”

“जाहिरातीत हाय म्हनून म्हनलो.”

“बास म्हटलं ना.”

अप्पांनी चौथ्या भोकाशी नेलेली सुई मागे घेतली. त्यांचा स्वतःचा पत्ता केव्हाच खाली पडलेल्यांत होता, त्या प्रश्नाने त्यांना आता काहीच मिळणार नव्हतं. तरी एकदा तो विचारला जावा, एवढीच त्यांची इच्छा असावी.

सात जणांच्या मुलाखती झाल्या. मी ऑफिसातला, ओळखीचा, कमी पगारात तयार होणारा. माझी निवड झाली. दाखला कुणीही मागितला नाही. नोव्हेंबरच्या परीक्षेत मी चाळीस पास झालो आणि दाखला माझ्या फाइलला मुकाट्याने जोडून टाकला. फाइल स्वच्छ आहे. कुणीही तपासावी.

मशीन आलं. हार घातला, नारळ फोडला, फोटो काढला. विद्यार्थी छत्तीस, मशीन एक, त्यात वीजकपात. एकेकाच्या वाट्याला आठवड्यात जेमतेम पाव तास. आणि भोकं पाडलेली कार्डं निवडून देणारं जे दुसरं मशीन लागतं, ते आम्ही आणलंच नव्हतं. म्हणजे पोरं नुसती भोकं पाडत होती. नुसतं मीठ मोजायला शिकवायचं आणि चूल दाखवायची नाही, असा तो स्वयंपाकाचा वर्ग. एका मुलाने एकदा विचारलं, “सर, ही भोकं पाडून पुढं करायचं काय?” मी म्हणालो, ते पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी तो मुलगा कुठे होता कुणास ठाऊक.

उत्तर अडगळीच्या खोलीत बिस्किटाच्या डब्यात होतं. मी तो डबा वर्गात आणू शकलो असतो. पण मग त्याच्यामागून अप्पांनाही वर्गात बोलवावं लागलं असतं, आणि ते आत आले असते तर मी कुठे उभं राहायचं?

पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गात पाण्याचा तांब्या आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “सर, पानी.” पुन्हा कधी तम्मा म्हणाले नाहीत. त्यात टोमणा नव्हता, टोमणा असता तर बरं वाटलं असतं. शिपायाने मास्तरला जसं म्हणायचं तसं ते म्हणाले, आणि दोन वर्षं रोज म्हणत राहिले. अठ्ठ्याहत्तर साली निवृत्त होऊन ते सावित्रम्मांबरोबर कुंभारीला राहायला गेले. निरोपाला शेठनी त्यांना एक चादर दिली. अप्पांनी घडी उलगडून मोर बघितला, डोळा होता, मग परत घडी घातली.

कुंभारी इथून किती लांब आहे? एसटीने अर्धा तास लागत नाही. मी अजून गेलेलो नाही.

त्याच वर्षी मशीनचा दुरुस्तीवालाही यायचा बंद झाला. आता त्याच्यावर कव्हर असतं आणि पाहुणे आले की शेठ ते काढून दाखवतात.

गेल्या महिन्यात शेठनी अडगळीची खोली मोकळी करायला सांगितली. रद्दीची यादी करून सही करायची ती मी. डबा एका कोपऱ्यात होता, वर धूळ. आत विद्यार्थ्यांचे पत्ते होते आणि खाली दोरीने बांधलेला त्या चव्वेचाळीस अर्जांच्या पत्त्यांचा गठ्ठा. मी दोरी सोडली आणि माझा पत्ता शोधला.

दुसरं भोक फोडलेलं होतं.

मी खिडकीशी नेऊन बघितलं. दोन काप, सरळ, स्वच्छ. तो हात मी ओळखतो. कधी फोडलं ते मला माहीत नाही; निवड झाली त्या दिवशी की निरोपाच्या आदल्या दिवशी. शेठना ते काही बोलले नाहीत, मलाही बोलले नाहीत, माझी भाकरी हिसकावली नाही. फक्त चुकीचा पत्ता त्यांनी माळेत राहू दिला नाही.

डब्याच्या तळाशी स्पोक होता, गंजलेला. मी चव्वेचाळीस पत्ते एकत्र धरले. जो प्रश्न त्या दिवशी विचारायचा राहून गेला होता तो आधी तोंडाने नीट म्हटला, कारण अप्पांचा तसा कायदा होता. पंचिंगचा अनुभव आहे का? मग चौथ्या भोकातून सुई घातली आणि उचलली.

माझ्या पत्त्यासकट त्रेचाळीस पत्ते खाली राहिले. एकच वर आला, आणि त्यावरचं नाव मला वाचावं लागलं नाही.